जीभ हवी का?

व्हर्ना हॉगनला पुरलं, त्या दिवशी चर्चच्या तळघरात कॉफी झाल्यावर पाद्रीबाईंनी विचारलं, तिच्याबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. एल्डन ट्वेटन टेबलावरच्या कागदी रुमालाकडे बघत बसला. शेजारच्या गस खाटकाने त्याला कोपराने ढोसलं.

"ऊठ की. आठवड्यातून दोनदा तुझ्याच स्वयंपाकघरात असायची ती."

एल्डन उठला नाही. चारचौघांत बोलायचं त्याला जमत नसे, हे एक कारण झालं. पण दुसरं कारण त्याला तिथे बसल्यावरच उमगलं. व्हर्नाबद्दल सांगण्यासारखं त्याला फारसं ठाऊकच नव्हतं. तिची राखाडी गाडी ठाऊक होती. मागच्या सीटवर फळीला चिमट्याने अडकवलेले कागद असायचे, ते ठाऊक होते. साखरेचा खडा दातांत धरून ती त्यावरून कॉफी प्यायची, एल्डनची आजी प्यायची तशी. पण तिचा नवरा कधी वारला, मुळात नवरा होता का, मुलंबाळं होती की नव्हती, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तिच्या बहिणीचं नावसुद्धा त्याने त्या दिवशी हातात दिलेल्या छापील कागदावर वाचलं. आणि ही बाई जगातल्या प्रत्येकाला प्रश्न विचारत हिंडायची! तिला उलटून एकही प्रश्न न विचारता एल्डनने तिच्याबरोबर सात महिने काढले होते.

ते सात महिने सुरू झाले ईस्टरच्या जेवणाला. त्याची मुलगी कॅरिन शहरातून आली होती, दातांच्या दवाखान्यात ती नोकरीला आहे. ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "डॅड, गाई विकून टाक. कुरण भाड्याने घ्यायला शेजारी तयार आहेत. तुझे गुडघे त्र्याहत्तर वर्षांचे झालेत."

"गुडघ्यांनी तक्रार केली नाही."

"पायऱ्या चढताना करतात, मी ऐकलंय. आणि लिलावात तुझे आठ खोंड म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नाहीत. ट्रक भरून आणणाऱ्यांना भाव मिळतो, उरलेल्यांना उरलेला."

हे खरं होतं. अठरा गाई आणि त्यांच्यामागे वर्षाला आठेक खच्ची केलेले खोंड, एवढ्याशा कळपाला आपल्या गवताचा खर्चही आता भागवता येत नव्हता. पण गाई जाणार म्हणजे सकाळी उठून दार उघडायचं ते कशासाठी, हे एल्डनला सुचेना. बायको, आयरीन, जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत तो जे काही बोलला, त्यातलं बहुतेक गाईंशीच बोलला होता. तो एकदम म्हणून गेला, "या वर्षीचे आठही मी लोकांच्या घरी विकीन. थेट. एक जरी लिलावात न्यावा लागला तर नोव्हेंबरात सगळा कळप काढून टाकू."

कॅरिनच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "घरी? म्हणजे अनोळखी माणसांना फोन करून? तू?"

आणि ती इतकी हसली की शेवटी तोही हसला. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि ट्वेटनांच्या घरात दिलेला शब्द परत घ्यायची पद्धत नव्हती.

गसच्या दुकानात हे त्याने जेमतेम चार वाक्यांत सांगितलं. गस खाटीक त्या डोंगराळ भागातला शेवटचा. जनावर कापून, चौदा दिवस थंड खोलीत टांगून, कागदात बांधून देणारा त्याच्यासारखा तीस मैलांत दुसरा कुणी नव्हता. त्याच्या दुकानातून मांस विकायला कायद्याची परवानगी नव्हती. जनावर जिवंत असतानाच गिऱ्हाइकाने अर्धं किंवा पाव विकत घ्यायचं, मग गसने ते गिऱ्हाइकाचं म्हणून कापून द्यायचं, आणि टांगल्यावर भरेल त्या वजनाचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे. म्हणजे गिऱ्हाईक आधी गाठायला हवं आणि त्याच्याशी बोलायला हवं.

गस म्हणाला, "तुझे खोंड तुझ्यापेक्षा जास्त बोलतात. थांब, तुझ्याकडे एक बाई पाठवतो."

व्हर्ना आली ती तीन दिवसांनी. गाडीतून लगेच उतरली नाही. काच खाली करून कुत्र्याला हात हुंगू दिला, त्याचं समाधान झाल्यावर दार उघडलं. साठीच्या पुढची, बुटकी, पुरुषी बूट घातलेली. नमस्कार-चमत्कार नाही. कुंपणाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यातला सगळ्यात हट्टी कोण?"

एल्डनने बोट दाखवलं.

"कशावरून?"

आता कशावरून हे बोटाने दाखवता येईना. त्याने सांगितलं, की तो तांबडा पाणी प्यायला सगळे गेल्याशिवाय जात नाही, एकटा जातो. मग तिने विचारलं, आई कुठली? आईपण तशीच का? वरच्या उतारावरचं गवत त्यांना आवडतं की खालचं? हिवाळ्यात कुणी कुणाला ढकलतं? पांढऱ्या डोक्याचा तो सारखा या खांबाला का घासतो? एल्डन सांगत राहिला. ती गेल्यावर त्याने घड्याळात बघितलं तर सव्वा तास झाला होता. आयरीन गेल्यानंतर एवढा वेळ तो कुणाशी बोलला असेल, असं त्याला आठवेना. त्याचा गळा दुखत होता.

त्या सव्वा तासातून व्हर्नाने आठ कार्डं लिहिली, एकेका खोंडाचं एकेक. नावं तिने दिली नाहीत. "पानात यायचं त्याला नाव कशाला," ती म्हणाली. पण रंग, आई, कुरण, आणि प्रत्येकाची एक खोड तिने लिहिली होती. 'पाण्याला एकटा जातो.' 'खांबाला घासतो, कारण मालकालाही ठाऊक नाही.' ही कार्डं तिने कुठे कुठे लावली, देव जाणे. वाचनालयात, इस्पितळाच्या खानावळीत, दोन तासांवरच्या शहरातल्या बसगाड्यांच्या आगारात. लोक मांसाचा भाव विचारायच्या आधी विचारायचे, तो खांबाला का घासतो?

गिऱ्हाइकांना फोन मात्र ती एल्डनच्या स्वयंपाकघरातून करायची. टेबलाशी बसून, साखरेचा खडा गालात ठेवून. गसला प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक कागद भरून लागे: मांसाच्या कापा किती जाड, एका पुडक्यात किती, खिमा किती, सूपसाठी हाडं हवी की नको. एल्डन समोर बसून ऐकायचा.

"हॅलो, मी व्हर्ना. ट्वेटनच्या खोंडाबद्दल बोलायचं होतं. पहिला प्रश्न, जीभ हवी का?"

पलीकडून काय आवाज यायचा, तो टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येई. व्हर्ना शांतपणे वाट बघे.

फोन ठेवल्यावर एल्डनने एकदा विचारलं, "सुरुवात जिभेपासून का? कागदावर तर ती शेवटी आहे."

"कापा किती जाड विचारलं की माणूस म्हणतो एक इंच. संपलं बोलणं. जीभ विचारली की आधी 'शी!' म्हणतो. मग गप्प बसतो. मग हळूच विचारतो, केवढी असते हो? तेवढं विचारलं ना, की तो आपला झाला. मग तो सगळं विचारतो."

"आणि नको म्हणाला तर?"

"नको म्हणणाऱ्याची बायको दुसऱ्या दिवशी फोन करते. तू करून बघ की एखादा."

"नको."

"फोन चावत नाही, एल्डन."

गसला हे कळलं तेव्हा त्याला तर रानच मोकळं झालं. एल्डन दुकानात शिरला की तो आत ओरडून सांगायचा, "अरे, त्या ट्वेटनला विचारा, जीभ हवी का! त्याला एका जिभेची फार गरज आहे!"

ऑगस्टपर्यंत पाच खोंड ठरले. त्यातल्या पहिल्या दोघांचं मांस घरोघरी गेलं, आणि घोटाळा तिथे झाला. तो एल्डनने व्हर्नाच्या पाठीमागे केला.

पॉलेट नावाची एक नर्स अर्धा खोंड घेऊन गेली होती. टांगलेलं वजन भरलं होतं साडेतीनशे पौंडांच्या आसपास, तेवढ्याचे पैसे तिने दिले. घरी जाऊन तिने सगळी पुडकी न्हाणीघरातल्या काट्यावर मोजली. दोनशे तीस. दुसऱ्या दिवशी ती एल्डनच्या अंगणात हजर. भांडायला आली नव्हती, बिचारी खरंच बुचकळ्यात पडली होती. "मिस्टर ट्वेटन, बाकीचं कुठेय?"

आता याचं उत्तर एल्डनला पाठ होतं. त्याचा बाप, आजा, सगळ्यांना ठाऊक होतं. हाड जातं, चरबी जाते, थंड खोलीत टांगून पाणी उडतं. पण अनोळखी बाई दारात उभी राहून डोळ्यांत डोळे घालून विचारते आहे, म्हटल्यावर त्याची वाचा बसली. त्याला वाटलं, तोंड उघडलं तर आपण चोरासारखे दिसू. तो घरात गेला, आपल्या फ्रीजरमधून दोन खोकी भरली आणि तिच्या गाडीत ठेवली. ती म्हणाली, "मग हे राहिलं होतं होय?" त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, त्यालाही सांगता आलं नसतं.

पॉलेटने ही गोष्ट सांगितली नसती तर ती नर्स कसली. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोघं आले. त्यांच्याही गाडीत खोकी गेली.

एका संध्याकाळी व्हर्नाला उशीर झाला म्हणून एल्डनने तिला जेवायला थांब म्हटलं. पानात उकडलेले बटाटे आणि अंडी. चार दिवसांनी पुन्हा थांबली. पुन्हा अंडी.

"एल्डन, तुझ्या कुरणात जनावरं आहेत की कोंबड्या?"

"अंडी चांगली असतात."

"चांगली असतात. फ्रीजर उघड."

"कशाला?"

"मला बघायचंय, केवढा आहे."

तो जागचा हलेना, तेव्हा तीच उठली. आत मटाराची एक पिशवी होती आणि गेल्या वर्षीच्या माशांच्या आमिषाचा डबा. व्हर्नाने झाकण धरूनच सगळं काढून घेतलं त्याच्याकडून, एकामागून एक प्रश्न विचारून. आधी ती हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग एकदम थांबली.

"जी चोरी केलीच नाहीस ती तू भरून दिलीस? अरे, आता त्या तिघांना वाटतंय की तू चोरली होतीस आणि पकडल्यावर दिलीस. म्हणूनच आज दोघांनी फोन करून नको म्हणून सांगितलं मला. मी विचारात पडले होते, का म्हणून."

"नको म्हणाले? कोण?"

"एक सहावा घेणारा. आणि ठरलेल्या पाचातलाही एक गेला." तिने झाकण लावलं. "तुझ्या गाई या फ्रीजरमधून चालल्यात, एल्डन. खोकं खोकं करून."

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "मला तेव्हा सांगताच आलं नाही."

"मग सांगू नकोस. दाखव."

पुढचा खोंड गसकडे गेला तेव्हा व्हर्नाने त्याला बजावलं, या जनावराचं काहीही फेकायचं नाही. गस म्हणाला, "बाई, त्या हाडांचं लोणचं घालणार आहेस का?" पण त्याने ठेवलं. चौदा दिवसांनी, शनिवारी सकाळी, तिने आधीच्या तिघांना, नको म्हणणाऱ्यांना, सगळ्यांनाच दुकानात बोलावलं. नऊ माणसं जमली. पॉलेट सगळ्यांत पुढे. मधे मोठा काटा, एका बाजूला पुडक्यांची खोकी, दुसऱ्या बाजूला तीन टोपल्यांवर ओलं फडकं.

एल्डनला वाटलं होतं, बोलणार व्हर्ना. तिने त्याच्या हातात गसच्या अक्षरातला कागद दिला आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली, फळी छातीशी धरून.

एल्डनने घसा खाकरला. "हा अर्धा," तो म्हणाला, "टांगला तेव्हा भरला तीनशे बावन्न पौंड." मग त्याला पुढे काय ते सुचेना, म्हणून त्याने खोकी काट्यावर चढवली. दोनशे बत्तीस. कुणीतरी मागून म्हणालं, "हं. बघा." त्याने फडकं काढलं. पहिल्या टोपलीत हाडं. सत्तावन्न पौंड. दुसरी आणि तिसरी, चरबी आणि छाटलेलं, मिळून सेहेचाळीस.

पॉलेटने बोटांवर बेरीज केली. "सतरा कमी आहेत."

एल्डनने थंड खोलीचं दार उघडलं. गार झोत बाहेर आला. भिंतीवर आणि पंख्यावर बर्फ साचलं होतं. त्याने तिकडे बोट केलं, आणि मग, बोटाने भागणार नाही असं वाटून, म्हणाला, "ते तिथे आहेत. पाणी. चौदा दिवसांत उडून गेलं. ते उडालं नाही तर मांस चिवट राहतं."

पॉलेट आत डोकावली. बाकीचेही डोकावले. मग तिने वळून हाडांच्या टोपलीकडे बघितलं. "जनावर माझं, तर हाडंपण माझीच ना? माझी कुठे गेली?"

"फेकली," गस म्हणाला. "कागदावर तू नको लिहिलंस."

"मला काय ठाऊक! त्यांचं करतात काय?"

आणि मग जी प्रश्नांची झड लागली! सूप किती वेळ उकळायचं? चरबीत बटाटे तळतात हे खरं का? चौदाच दिवस का, वीस का नाही? तो खांबाला घासणारा हाच का? एल्डन उत्तरं देत होता. मधेच त्याच्या लक्षात आलं, की आपण उत्तरं देतो आहोत, आणि तो अडखळला, पण तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. पॉलेटने घरी जाऊन ती दोन खोकी परत आणली आणि त्याच्या गाडीत ठेवली, वर म्हणाली, "तुम्ही तेव्हाच का नाही हो बोललात?" नको म्हणणारे दोघेही परत आले. हाडांच्या टोपलीवरून तर जवळपास भांडणच झालं.

सगळे गेल्यावर व्हर्ना काउंटरवर कागद पसरून आकडे उतरवून घेत होती. एल्डन तिच्या हाताकडे बघत होता. सत्तावन्नमधला सात तिने लिहिला आणि त्याच्या पोटातून एक आडवी रेघ मारली. पुढे सतरातल्या सातालाही.

हा सात त्याने कुठेतरी बघितला होता. एकदा नाही, खूपदा. घरच्या बुटाच्या खोक्यात लिलावाच्या पावत्या होत्या, वर्षानुवर्षांच्या, आणि त्यातल्या प्रत्येक पावतीवर असा पोटात रेघ असलेला सात होता.

"लिलावाच्या खिडकीत तू होतीस?"

व्हर्नाने मान वर न करताच म्हटलं, "सव्वीस वर्षं."

"मला कसं कळलं नाही?"

"तू कधी वर बघितलंस? टोपी काढायचास, काउंटरकडे बघायचास, पावती घेऊन पळायचास. मला तुझ्या टोपीतलं भोक ठाऊक आहे. तोंड मी यंदा पहिल्यांदा नीट बघितलं."

गस इतका हसला की त्याला सुरी खाली ठेवावी लागली. पण तिने कागद गोळा केले आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दिवसाला तीनशे जनावरं लिहायचे. कानातला नंबर, वजन, भाव. ती आली कुठून ते यायचं कागदावर. कुठे गेली, ते कधीच नाही. ट्रक निघून जायचा. मला वाटायचं, एकदा तरी कळावं. कुणाच्या टेबलावर गेलं, त्याने काय केलं, आवडलं का." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "म्हणून हे."

त्या क्षणी तिला विचारण्यासारखं खूप होतं. त्याच्या मनात आलंही. पण गाडीत खोकी होती, मांस वितळलं असतं, म्हणून तो निघाला. विचारू पुढे कधीतरी, असं त्याला वाटलं.

ऑक्टोबरअखेर सात खोंड गेले होते. राहिला तो पाण्याला एकटा जाणारा तांबडा. व्हर्नाचा फोन आला, बहिणीकडे निघालीय, आठवडाभर. तांबड्यासाठी आगारातल्या एका बसचालकाचं नाव आहे, नंबर लिहून घे.

"तू आल्यावर कर," एल्डन म्हणाला.

"मी येईपर्यंत तो दुसरीकडून घेईल. मग नेशील लिलावात? कॅरिनला काय सांगशील?"

फोन करायला एल्डनला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्याने नंबर फिरवून फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी गाईंना गवत घालून आला, हात धुतले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि फोन केला. बसचालकाचं नाव डूली. माणूस घाईत होता, पण खोंड एकटा पाण्याला का जातो हे त्याला जाणून घ्यायचंच होतं. एल्डनला कारण ठाऊक नव्हतं. मग त्यांनी दोघांनी मिळून कारणं शोधली. डूलीने अर्धा आपल्यासाठी घेतला आणि अर्धा भावासाठी.

गुरुवारी दुपारी व्हर्नाचा फोन आला, तो शेवटचाच. मागे बहिणीच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. ती मंगळवारी परत निघणार होती.

"झाला का?"

"झाला. दोन्ही अर्धे."

"बघ! आणि गाई?"

"आहेत. गवत खातायत. कॅरिनला कळवलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, फोनवर खरंच तू बोललास?"

व्हर्ना हसली. "कापा किती जाड?"

"एक इंच. भावाला सव्वा."

"हाडं?"

"सगळी हवीत."

"आणि जीभ?"

एल्डनने समोरचा कागद उलटून बघितला.

"एल्डन. जीभ विचारलीस का?"

"राहिलीच."

"मग परत लाव फोन."

"आता लावतो."